कार्ड कुणाच्या ताब्यात?

मानकोली नाक्यावरून आत वळलं की दोन्ही हातांना गोदामं सुरू होतात. वळ, दापोडे, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी ही गावांची नावं फलकांवर राहिली आहेत. डोळ्यांना दिसतात ते पत्र्याचे उंच गाळे आणि त्यांच्या तोंडाशी पाठ लावून उभे असलेले ट्रक. मुंबईत जकात होती तोवर माल शहराच्या वेशीबाहेर उतरवून ठेवणं व्यापाऱ्यांच्या सोयीचं होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, तरी गोदामं इथेच राहिली, उलट वाढली. ऑनलाइन खरेदीच्या मोठमोठ्या कंपन्यांचा मालही आज इथूनच मुंबई-ठाण्याच्या दारोदारी पोचतो. शहरात यंत्रमागांचा खडखडाट आणि शहराबाहेर गाड्यांच्या रांगा, अशी आजची भिवंडी आहे.

या रांगा पुढे सरकतात त्या कागदावर. १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांहून जास्त किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा तर ई-वे बिल लागतं. ते मोबाईलवरूनही काढता येतं, पण दिवसभर गाड्या भरणाऱ्या गाळ्यात बिल्टी, चलन, जीएसटीची बिलं आणि ई-वे बिल हे सगळं एका टेबलावरून होतं. त्या टेबलावरच्या संगणकाचं नेट गेलं की माल भरून तयार असलेली गाडी जागची हलत नाही. हमालांचा वेळ जातो, ड्रायव्हर चहाच्या टपरीवर बसून राहतो आणि पलीकडून फोनवर फोन सुरू होतात.

हे संगणक नवे क्वचितच असतात. कुठल्या तरी मोठ्या ऑफिसातून काढलेले, दुकानदाराने पुसून-झाडून परत विकलेले, चौथ्या-सहाव्या पिढीतल्या इंटेल प्रोसेसरचे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. म्हणजे काम उत्तम करणारी, पण वय झालेली असंख्य मशीन एका तारखेने निरुपयोगी ठरवली गेली. जादा मुदतीची सोय निघाली, पण ती तात्पुरतीच. अशा मशीनवर लिनक्स टाकणं हा शहाणपणाचा मार्ग आहे असं माझं ठाम मत आहे. जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्ये चालतं, ई-वे बिल ब्राउझरमध्ये चालतं, पत्रं-हिशेब लिब्रेऑफिसमध्ये होतात. मशीन आणखी काही वर्षं सुखाने चालतं आणि भंगाराच्या ढिगात एक डबा कमी पडतो.

पण या वाटेवर एक ठिकाण असं आहे जिथे भलेभले थांबतात. लिनक्स टाकायला घेतलं, भाषा निवडली, कीबोर्ड निवडला आणि पडद्यावर आलं की इथरनेट कार्ड सापडलं नाही. किंवा कार्ड सापडलं, पण पत्ता मिळाला नाही. किंवा सगळं यथासांग पार पडलं, मशीन पुन्हा सुरू झालं आणि कोपऱ्यातलं नेटचं चिन्ह फुलीसकट उभं राहिलं. मग जो तो आपापल्या अनुभवाप्रमाणे खापर फोडतो. कुणी म्हणतं केबल गेली, कुणी म्हणतं स्विचचा पोर्ट उडाला, कुणी थेट निकाल देतं की लिनक्स आपल्या कामाचं नाही. पुष्कळदा यातलं काहीच झालेलं नसतं. कार्ड धडधाकट असतं. ते चुकीच्या ड्रायव्हरच्या ताब्यात गेलेलं असतं, किंवा कुणाच्याच ताब्यात नसतं.

हे कसं घडतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण ते समजलं की अर्धं काम तिथेच होतं.

संगणक सुरू होताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पीसीआय मार्गावर जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची ओळख वाचतो. उपकरण मुख्यतः दोन आकडे सांगतं: एक बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या उपकरणाचा. रियलटेकचा आकडा १०ईसी. इंटेलचा ८०८६, आपल्या गाजलेल्या प्रोसेसरवरून घेतलेला. हे आकडे सोळाच्या पायाच्या मोजणीत लिहितात, म्हणून त्यांत अक्षरंही येतात. कर्नलच्या मॉड्यूलसोबत एक लांबलचक यादी असते. अमुक जोडी दिसली तर अमुक मॉड्यूल चढवायचं, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. ओळख कळली की यूडेव्ह ही व्यवस्था मॉडप्रोबकरवी ते मॉड्यूल चढवते आणि त्यातला ड्रायव्हर कार्ड ताब्यात घेतो. गोदामाच्या फाटकावरचा रखवालदार वहीत गाडीचा नंबर बघून तिला ठरलेल्या गाळ्याकडे पाठवतो, ताडपत्री उचलून आतला माल तपासत नाही, तसाच हा कारभार. आणि गाडी एका गाळ्याला लागली की ती सुटेपर्यंत दुसऱ्याला मिळत नाही.

एका कार्डावर एका वेळी एकच ड्रायव्हर बसतो. दोन मॉड्यूलनी एकाच आकड्यावर हक्क सांगितला तर जो आधी बसला तो मालक. पहिल्याचं काम धड होत नसलं तरी दुसऱ्याला आपोआप संधी मिळत नाही.

आपल्याकडच्या मशीनमध्ये याचं सर्वात ठळक उदाहरण रियलटेकचं आहे. मदरबोर्डवरच बसवलेली, आरटीएल ८१११ किंवा ८१६८ नावाची ही गिगाबिट चिप स्वस्त मशीनमध्ये जिकडेतिकडे सापडते. तिचा आकडा १०ईसी:८१६८. आणि लिनक्स कर्नलमध्ये तिला चालवणाऱ्या ड्रायव्हरचं नाव आहे आर८१६९. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, इथेच घोळ झाला. चिप ८१६८ आणि ड्रायव्हर ८१६९ चा! प्रत्यक्षात यात चूक नाही. आरटीएल ८१६९ ही रियलटेकची आधीची, जुन्या पीसीआय खाचेतली गिगाबिट चिप. कर्नलमधला ड्रायव्हर तिच्यासाठी लिहिला गेला आणि पुढे ८१६८, ८१११, ८१०१ अशी सगळी भावंडं त्याच ड्रायव्हरमध्ये सामावून घेतली गेली. ५.४ या कर्नलपासून अडीच गिगाबिटची ८१२५ सुद्धा त्यात आली. रियलटेक कंपनी मात्र स्वतःचे ड्रायव्हर वेगवेगळे देते: आर८१६८, आर८१०१, आर८१२५. म्हणजे एकाच चिपवर हक्क सांगणारे दोघे झाले, कर्नलच्या घरचा आर८१६९ आणि कंपनीचा आर८१६८.

खरी गुंतागुंत त्याच्याही आत आहे. १०ईसी:८१६८ या एका आकड्याखाली चिपच्या अनेक आवृत्त्या विकल्या गेल्या: बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. बाहेरून ओळख तीच, आतली रचना निरनिराळी. म्हणून आर८१६९ ताबा घेतल्यावर चिपच्या आतला आणखी एक आकडा वाचतो. त्याला एक्सआयडी म्हणतात आणि तो कर्नलच्या नोंदीत छापलेला असतो. चिप नवी आणि कर्नल जुना असेल तर हा आकडा कर्नलच्या ओळखीचा नसतो. काही आवृत्त्यांना फर्मवेअरची एक छोटी फाइल लागते. आणि या ड्रायव्हरला ‘रियलटेक’ याच नावाचं आणखी एक मॉड्यूल सोबत लागतं, कारण केबलशी प्रत्यक्ष बोलणारा चिपचा भाग त्याच्या अखत्यारीत असतो. मशीन सुरू होताना वापरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या छोट्या फाइल-संचात, म्हणजे इनिटरॅमएफएसमध्ये, आर८१६९ गेला पण हे जोडीचं मॉड्यूल राहिलं, असे प्रकार काही कर्नलच्या काळात बरेच झाले. मग ड्रायव्हर बरोबर, कार्ड बरोबर, तरी नेट नाही. पुढे कर्नलमध्येच तशी स्पष्ट सूचना छापण्याची सोय केली गेली: ‘रियलटेक’ मॉड्यूल चढलेलं नाही, ते इनिटरॅमएफएसमध्ये घालायचं राहिलं असेल. अशी सूचना ज्याने लिहिली त्याचे किती जणांवर उपकार आहेत हे रात्री उशिरा गाळ्यात अडकलेल्या माणसालाच कळेल.

हे दुखणं नवं नाही. १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. अतुल चिटणीस यांचा त्या उपक्रमात पुढाकार होता. डाउनलोड करण्याइतकं इंटरनेट कुणाकडे नव्हतं त्या काळात छोट्या शहरांतल्या किती तरी मुलांनी लिनक्सचं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते त्या सीडीवर. तेव्हा इन्स्टॉल करताना कार्ड स्वतःच ओळखलं जाईलच असं नसे. नावांची यादी समोर येई आणि आपलं कार्ड कोणतं ते आपणच सांगायचं. जुन्या आयसा खाचेतल्या एनई२००० जातीच्या कार्डांना तर पत्ताही हाताने द्यावा लागे आणि भलत्या पत्त्यावर शोधाशोध केली तर मशीन जागीच गोठे. खोक्यावरचं नाव वाचून निवड करणारे हमखास फसत. डी-लिंकच्या डीएफई-५३०टीएक्स या कार्डात व्हीआयए कंपनीची राइन चिप होती. त्याच नावापुढे अधिकचं चिन्ह असलेल्या ५३०टीएक्स+ मध्ये रियलटेकची ८१३९. एका अधिक चिन्हाने ड्रायव्हर बदलत होता.

खुद्द ८१३९ मध्येही दोन पोटजाती होत्या. साध्या ८१३९ ला ‘८१३९टू’ हा ड्रायव्हर आणि सुधारित ८१३९सी+ ला ‘८१३९सीपी’. कंपनीचा आणि उपकरणाचा आकडा दोघींचा एकच, फरक फक्त आवृत्तीच्या आकड्यात. त्यामुळे दोन्ही मॉड्यूल चढत आणि ज्याचं काम नाही तो ड्रायव्हर कर्नलच्या नोंदीत लिहून बाजूला होई की ही चिप माझी नव्हे, दुसऱ्याला बोलवा. ही फार सभ्य व्यवस्था होती. पुष्कळ जण ती ओळ वाचून घाबरत आणि तिलाच दोष समजत, पण ती ओळ म्हणजे सगळं ठीक चालल्याची खूण होती. नेटवर्कच्या या जुन्या ड्रायव्हरांपैकी कित्येक डोनाल्ड बेकर यांच्या हातचे. नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ साली साध्या संगणकांचे जथे जोडून महासंगणकाचं काम करून घेणारा बेओवुल्फ हा प्रकल्प थॉमस स्टर्लिंग यांच्यासह त्यांनी उभा केला आणि त्या जोडणीसाठी लागणारे इथरनेट ड्रायव्हर लिहिले. स्वस्त कार्डांवर एवढी मेहनत त्या गरजेतून झाली आणि तिचा लाभ भिवंडीतल्या गाळ्यापर्यंत पोचला.

आता मानकोलीच्या बाजूला एका वाहतूक ऑफिसात पाहिलेला प्रसंग सांगतो. जुनं मशीन, लिनक्स मिंट टाकलेलं. टाकताना नेटचा वेग मंद वाटला म्हणून आधीच्या कुणी तरी इंटरनेटवरचे उपाय उतरवून घेऊन कंपनीचा आर८१६८ ड्रायव्हर बसवला होता. काही दिवस सुरळीत गेले. मग एका सकाळी नेट गायब. ऑफिसातले वयस्क क्लार्क आणि दुरुस्तीला आलेला विशीतला मुलगा, दोघांचं बोलणं मी शेजारच्या बाकावरून ऐकत होतो.

“कार्ड गेलं असेल तर सांग बाबा, नवीन टाकू. बाहेर दोन गाड्या भरून उभ्या आहेत.”

“काका, पाच मिनिटं द्या. आधी बघतो, मग सांगतो.”

त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला, त्यावरचं मिंट काहीही इन्स्टॉल न करता तसंच सुरू केलं. नेट आलं. क्लार्ककाकांनी लगेच खुर्ची पुढे ओढली.

“आलं की! मग आता यावरच चालू दे.”

“नाही काका, हे तात्पुरतं आहे. पण कार्ड चांगलं आहे आणि केबल चांगली आहे, एवढं नक्की झालं.”

नवीन कार्डाचा खर्च त्या एका तपासणीने वाचला. मग त्याने मशीन पुन्हा डिस्कवरून सुरू केलं, टर्मिनल उघडलं आणि ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएनके’ या पर्यायासह दिली. पडद्यावर उपकरणांची यादी आली. इथरनेटच्या ओळीत कंसात आकडे होते, १०ईसी:८१६८. खाली एक ओळ, ‘कर्नल मॉड्यूल्स: आर८१६९’. तिच्या वर ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असायला हवी होती. ती नव्हती. म्हणजे या कार्डासाठी मॉड्यूल उपलब्ध आहे, पण ताबा कुणाकडेच नाही.

कारण पुढे उलगडलं. कंपनीचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा असतो. तो डीकेएमएस या यंत्रणेतून बसवतात. डेल कंपनीत तयार झालेली ही यंत्रणा प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा घडवते. आर८१६८ च्या पॅकेजसोबत एक छोटी फाइलही येते, जिच्यात लिहिलेलं असतं की आर८१६९ ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे त्याला आपोआप चढू देऊ नका. हे बरोबरच आहे, नाही तर घरचा ड्रायव्हर आधी जाऊन बसेल. पण आदल्या दिवशी अपडेटमध्ये नवा कर्नल आला आणि जुना आर८१६८ त्या कर्नलसाठी घडलाच नाही. कंपनीचा चढू शकत नाही आणि घरच्याला मनाई. दोघांच्या मधल्या पोकळीत कार्ड पडून राहिलं. मुलाने खात्री करायला मशीन सुरू होतानाच्या यादीतून आधीचा कर्नल निवडला, तर नेट लगेच आलं. मग त्याने ते पॅकेज त्याच्या ब्लॅकलिस्टच्या फाइलसकट काढून टाकलं, इनिटरॅमएफएस नव्याने बनवला आणि नव्या कर्नलने मशीन सुरू केलं. आर८१६९ ने ताबा घेतला होता. वेग तपासला, पुरेसा होता. क्लार्ककाकांचं ई-वे बिलाचं पान तोवर उघडलंही होतं.

या प्रसंगातलं मला सर्वात मोलाचं वाटलं ते त्याचं न घाबरणं. त्याने फॉरमॅट मारला नाही. आपल्याकडे दुरुस्तीच्या दुकानांत कशावरही हा एकच उतारा चालतो आणि या दुखण्यावर तो पुष्कळदा निरुपयोगी आहे. कर्नलच्या घरचाच ड्रायव्हर चुकत असेल तर पुन्हा टाकलेलं लिनक्स त्याच आकड्यावरून तोच ड्रायव्हर त्याच कार्डावर बसवणार. गिऱ्हाइकाचा दिवस आणि कधी कधी त्याच्या फाइली जातात, दोष जागच्या जागी राहतो.

कंपनीचा ड्रायव्हर म्हणजे चांगलाच, हा समजही तपासून घ्यायला हवा. आर८१६९ वर अलीकडच्या वर्षांत, विशेषतः हाइनर कालवाइट यांनी, खूप काम केलं आहे. काही वर्षांपूर्वी जिथे आर८१६८ टाकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, तिथे आज पुष्कळदा उलट उपाय लागू पडतो. जुना सल्ला वाचून बसवलेला आर८१६८ काढायचा. सल्ल्याची तारीख आणि त्या वेळचा कर्नल बघितल्याशिवाय तो पाळू नये. काही विशिष्ट मदरबोर्डवर मात्र आजही आर८१६९ कुरकुरतो, अधूनमधून जोडणी तोडतो. तिथे आधी वीज वाचवण्याची पीसीआय एक्सप्रेसची सोय बंद करून बघावी, त्यानेही जमलं नाही तरच कंपनीचा ड्रायव्हर घ्यावा.

इन्स्टॉल करतानाच चुकीचं मॉड्यूल चढत असेल तर त्याला तिथेच अडवता येतं. सुरुवातीच्या मेनूत कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘मॉडप्रोब.ब्लॅकलिस्ट’ लिहून बरोबरचं चिन्ह आणि मॉड्यूलचं नाव दिलं की ते त्या वेळेपुरतं आपोआप चढत नाही. रेड हॅटच्या घराण्यात वेगळी ड्रायव्हर डिस्क जोडायची सोय आहे. डेबियनचा इन्स्टॉलर कार्ड ओळखू शकला नाही तर ड्रायव्हरांची यादी पुढे करतो. त्या यादीतून अंदाजाने एकेक निवडत बसणं टाळावं. आकडा हातात असल्याशिवाय त्या यादीचा उपयोग नाही.

मोठा पेच वेगळाच आहे. योग्य ड्रायव्हर किंवा फर्मवेअर नेटवर आहे आणि नेट येत नाही ते त्याच्यावाचून. डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ प्रकल्पात हा पेच अनेक वर्षं धुमसत होता, कारण फर्मवेअरच्या फाइलींचा मूळ संकेत खुला नसल्याने त्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घातल्या जात नव्हत्या. अखेर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान घेऊन त्या घालायचं ठरवलं आणि १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून त्या सोबतच येऊ लागल्या. तत्त्वाची ही तडजोड मला योग्य वाटते. माणसाला दारातच अडवून स्वातंत्र्याचं महत्त्व पटवता येत नाही.

तरीही अडलंच तर खिशातला फोन कामी येतो. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडायचा आणि त्यात यूएसबी टेदरिंग चालू करायचं. लिनक्स त्या फोनलाच नेटवर्क कार्ड समजतो. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून असतो आणि बहुतेक वेळा इन्स्टॉल करतानासुद्धा तो मिळतो. फोनचा डेटा वापरून हवं ते पॅकेज उतरवायचं आणि केबल काढून टाकायची. ज्या गाळ्यात ब्रॉडबँडवाला चार दिवस फिरकत नाही तिथेही हा मार्ग चालतो, म्हणून तो प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याला पाठ हवा.

वाय-फायचे स्वस्त यूएसबी डोंगल हा आणखी एक चकवा. काही डोंगल लावले की आधी सीडी असल्याचं भासवतात, कारण त्यांच्यात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. रियलटेकचा असा डोंगल ०बीडीए:१ए२बी या आकड्याने समोर येतो आणि लिनक्स त्याच्यावर डिस्कचा ड्रायव्हर बसवतो. यूएसबी मोडस्विच या साधनाने त्याला खऱ्या रूपात यायला सांगितलं की आकडा बदलतो आणि मग वाय-फायचा ड्रायव्हर त्याला ओळखतो. ब्रॉडकॉमच्या जुन्या लॅपटॉप कार्डांवर तर बी४३, ब्रॉडकॉमचा स्वतःचा ‘डब्ल्यूएल’ आणि आणखी एक-दोघे हक्क सांगतात. त्याचं सगळं पुराण इथे लावत नाही. तपासाची रीत तीच.

सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर अजून एक अडसर येतो. हाताने बसवलेल्या मॉड्यूलवर मशीनला मान्य असलेली सही नसेल तर कर्नल ते चढू देत नाही. पॅकेज व्यवस्थित बसलेलं दिसतं, पण किल्ली नाकारल्याची ओळ नोंदीत येते. उबुंटू आणि मिंट अशा वेळी एक परवलीचा शब्द ठरवायला सांगतात आणि पुढच्या सुरुवातीला निळा पडदा दाखवून तो विचारतात. घाईत तो निळा पडदा एंटर मारून पुढे ढकलला जातो आणि ड्रायव्हर बसवूनही बसत नाही.

चुकीच्या ड्रायव्हरने कार्डाची कायमची हानी होते का, असं मला बरेच जण विचारतात. सहसा होत नाही. पण २००८ च्या सप्टेंबरात कर्नल २.६.२७ ची तयारी चालू असताना इंटेलच्या काही कार्डांची अंतर्गत स्मृती पुसली जाऊ लागली आणि कार्डं निकामी झाली. संशय सगळ्यांनी आधी घेतला तो त्यांच्या ई१०००ई या ड्रायव्हरवर. उबुंटूने आपल्या चाचणी आवृत्तीत तो बंद करून टाकला. शोध लागला तेव्हा दोष निघाला कर्नलच्या अगदी वेगळ्या भागात. कोणत्या फंक्शनला कधी हाक गेली याची नोंद ठेवणारं एफट्रेस हे साधन आधीच मोकळ्या झालेल्या पत्त्यावर लिहीत होतं आणि त्याच पत्त्यावर आता कार्डाची स्मृती येऊन बसली होती. ऑक्टोबरात २.६.२७ च्या पहिल्याच दुरुस्तीत तो भाग बंद केला गेला. जगातले निष्णात प्रोग्रामरही आधी ड्रायव्हरलाच धरतात, हे यातून लक्षात ठेवण्यासारखं आहे.

म्हणूनच ड्रायव्हरवर जाण्याआधी केबलही बघावी. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला दोन पुरतात. क्रिम्पिंग करताना एक तार सैल राहिली तर वेग एकदम दहावा हिस्सा होतो आणि शिव्या ड्रायव्हरला पडतात. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोजच्या काही जुन्या रियलटेक ड्रायव्हरांची एक खोड माहीत असावी. मशीन बंद करताना ते कार्डही झोपवून ठेवतात आणि लिनक्समध्ये आल्यावर ते जागंच होत नाही. विजेची वायर काढून, बंद मशीनचं बटण थोडा वेळ दाबून धरलं की ते उठतं. विंडोजमध्ये वेक-ऑन-लॅनची सोय चालू ठेवली की प्रश्न कायमचा मिटतो.

कल्याण नाक्यापासून धामणकर नाक्यापर्यंत, अंजूर फाट्याकडच्या गाळ्यांतून, असं काम करणारी पुष्कळ मुलं आहेत. कुणी आगरी गावातलं, कुणी मागावर काम केलेल्या तेलुगू कुटुंबातलं, कुणी उर्दू शाळेत शिकलेलं. हात चलाख आहेत, इंग्रजी मात्र नोंदीतल्या ओळी सलग वाचण्याइतकं नाही. मुंबई आयआयटीत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सच्या आज्ञांचे धडे मराठी आवाजात मोफत ऐकायला मिळतात. डेबियनचा आलेखी इन्स्टॉलर मराठीत चालतो. पण तंत्रशिक्षणात संगणक-दुरुस्ती म्हणून रॅम काढणं-घालणं आणि विंडोज टाकणं शिकवलं जातं. कर्नलची नोंद वाचायला फारसं कुणी शिकवत नाही. ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही एक ओळ कशी वाचायची, एवढा एक तास जरी या मुलांना कुणी शिकवला तरी पुष्कळ मशीन वाचतील. आयटीआय आणि एमएससीआयटीच्या वर्गांनी तो तास घ्यावा, असं मी कळकळीने म्हणतो.

आणि जुनं मशीन विकत घेणाऱ्याने एवढं करावं: खिशात लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह घेऊन दुकानात जावं, पैसे देण्याआधी त्यावरून मशीन सुरू करायला लावावं, दुकानातलीच केबल जोडावी आणि ‘एलएसपीसीआय’ची ती आज्ञा देऊन इथरनेट आणि वाय-फाय या दोन्हींच्या खाली ड्रायव्हरचं नाव दिसतं का ते बघावं. दोन्ही आकडे आणि दोन्ही नावं बिलाच्या मागे लिहून घ्यावीत. पुढे कधी नेट गेलं तर दुरुस्तीला येणाऱ्याच्या हातात आधी ते बिल द्यावं. दुकानदार पेनड्राइव्ह लावू देत नसेल तर सरळ दुसरं दुकान बघावं.